ताईच्या स्कूटरचा व्हेरिएटर आणि क्लच : कामाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

पाने, गोट्या (सॉकेट), टॉर्क रेंच सगळं आज पूजेला आहे, तेव्हा गाडी उघडणं नाही. नुसती चालवून आकडे टिपले.

गाडी ताईची. इंदूरच्या राजेंद्रनगरातून ती भंवरकुआं भागातल्या कोचिंगच्या मुलांना डबे पोचवते. पायाशी मोठी पिशवी, मागे क्रेट; भरल्यावर काट्यावर ३८ किलो. अंतर फार नाही, पण थांबणं-निघणं सतत. तिची तक्रार तिच्याच शब्दांत: "सिग्नल सुटला की आधी थरथरते, मग एकदम झटका देऊन निघते. आमटी सांडते रे माझी. आणि तीसच्या आसपास मधेच ओढते, मधेच सोडते."

'पिकअप नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यातून काही हाती लागत नाही. ताईच्या दोन वाक्यांत मात्र अर्धं निदान आहे. निघतानाची थरथर म्हणजे मागचा क्लच. तीसला ओढणं-सोडणं म्हणजे पुढचा व्हेरिएटर, पट्ट्याची पुली मिटवून-उघडून आपोआप गिअर बदलणारा भाग.

गाडी ११० सीसीची, ३१,००० किमी झालेली. पट्टा आणि रोलर पहिल्यापासूनचेच. पुस्तिकेत पट्टा २४,०००ला बदला असं स्पष्ट छापलंय. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रोलरचं वजन, पट्ट्याची रुंदी मॉडेलगणिक बदलते, आणि माझे आकडे वाचून कुणी थेट दुकानात जाऊ नये.

प्लगच्या वायरला गुंडाळायचं साधं आरपीएम मीटर लावलं, वेगासाठी फोनचं जीपीएस. मागे क्रेट भरलेला.
आयडल १७५०.
गाडी हलते २९०० ला, थरथर चालण्याच्या वेगापर्यंत.
पूर्ण थ्रॉटल, ३० किमी: आरपीएम ४९०० ते ५६०० मध्ये खालीवर.
पहाटे बायपासवर कमाल वेग ७१.
ॲव्हरेज ४०.

यातली तिसरी ओळ सगळ्यांत बोलकी. गिअरच्या गाडीत वेग वाढतो तसा आरपीएम चढतो, गिअर बदलला की पडतो. व्हेरिएटरच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण पिळला की आरपीएम एका जागी थांबायला हवा आणि वेग त्याच्या जिवावर चढत राहायला हवा. इंजिनाचा आवाज तोच, काटा मात्र वर जातोय, असं. इथे ७०० आरपीएमचे हेलकावे आहेत. आत काहीतरी अडतंय आणि सुटतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

डाव्या बाजूचं लांब झाकण उघडलं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवले. आत काळी भुकटी, बहुतेक पट्ट्याची, थोडी क्लचच्या शूची, म्हणजे घासून पकड घेणाऱ्या तुकड्यांची. तिच्यावर फुंकर मारायची नाही आणि कॉम्प्रेसरची हवाही नाही. शूच्या अस्तरात काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नसतं. तोंडाला मास्क, ओलं फडकं आणि ब्रेक क्लीनर. हवा आत घेणारा स्पंजचा छोटा फिल्टर धुळीने पार बुजलेला होता. या झाकणाखालचं सगळं घर्षणावर चालतं आणि पंख्याच्या हवेवर थंड राहतं. फिल्टर बुजला की पट्टा भाजतो.

काही खोलण्याआधी एक चाचणी. पुढच्या पुलीच्या उताराच्या तोंडावर, पट्टा बसतो तिथपासून कडेपर्यंत, मार्करने सरळ रेघ ओढली. झाकण तात्पुरतं लावून रिंगरोडवर गाडी पूर्ण पिळून आणली. परत उघडून पाहिलं तर पट्टा जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली, आणि कडेच्या ४ मिमी आधीच ती शाबूत. म्हणजे पट्टा वरपर्यंत पोचतच नाही. ७१ चं कारण समोर दिसलं. एका मार्करमध्ये होणारी ही चाचणी आहे, नट सोडण्याआधी जरूर करावी.

मग पुढचा नट. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून पुली धरायची सवय खूप ठिकाणी दिसते. पाती ॲल्युमिनियमची असतात, एक तुटली की पुलीचा तोल गेला. धरायचा होल्डर सियागंजातून आणला होता, तो वापरला.

पट्टा: व्हर्नियरवर रुंदी १७.३ मिमी, नवा १८.४. पोटाकडच्या दात्यांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा. हा एक मिलिमीटर किती महागात पडतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पुलीची दोन्ही तोंडं उतरती. पट्टा अरुंद झाला की तो खोल बसतो. निघताना मागची पुली पूर्ण मिटलेली असते, तिथे पट्टा कडेला हवा, तो आत घसरतो. म्हणजे पहिल्या गिअरचा जोर गेला. वेगात पुढची पुली मिटते, तिथेही तो आतच राहतो. म्हणजे वरचा वेग गेला. दोन्ही टोकं एकदम आखडतात. लोक याला इंजिन थकलं म्हणतात आणि कार्बोरेटर उघडतात.

रोलर सहा. इंजिन जोरात फिरलं की हे बाहेर फेकले जातात आणि पुढची पुली मिटवतात. हातात घेतले आणि हेलकाव्यांचा उलगडा झाला. गोल असायला हवेत, प्रत्येकाला एका बाजूला सपाट पट्टी पडलेली. त्यातले दोन तर झिजलेल्या खडूसारखे दिसत होते. सपाट बाजूवर रोलर टेकला की तो लोळत नाही, अडून बसतो. जोर वाढला की एकदम घसरतो. तेच ते ओढणं-सोडणं. ज्या खाचांतून ते वर चढतात त्यांवरून नख फिरवलं, पायरी लागली नाही. खाचा वाचल्यात, ही मोठी गोष्ट. उताराच्या प्लेटला तीन प्लास्टिकचे सरकते तुकडे असतात, ते ढिले होऊन खडखडत होते. मधला बॉस (पुली ज्यावर सरकते ती नळी) ठीक, नुसता पुसला.

६ ऑक्टोबर

रोलरचं वजन करायला सराफ्यात गेलो. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमचा फरक भरवशाने कळत नाही, सोनाराच्या काट्यावर कळतो. दुकानं मिटून खाऊच्या गाड्या लागायच्या आत पोचायला हवं होतं. ओळखीच्या पेढीवर सोनारकाकांनी आधी रोलर हातात फिरवून पाहिले, मग आडबाजूचा काटा पुसून दिला. मूळ वजन १५ ग्रॅम. जुने भरले १४.७, १४.६, १४.६, १४.४, १४.२, १४.१. वजनाची घट फार नाही. दोष आकाराचा आहे, वजनाचा नाही, हे इथे पक्कं झालं.

नव्या संचाचेही सहाही तोलून घेतले: सगळे १५.० ते १५.१. दुसरा संच १३.५ चा घेतला, पुढच्या प्रयोगासाठी.

भंवरकुआंजवळच्या उस्तादाला दाखवले तर तो म्हणाला, "भिया, हलके वाले डाल दो, उड़ने लगेगी." उस्तादाचा हात चांगला आहे, आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. पण आत्ताच हलके टाकले तर सुधारणा गोल रोलरमुळे झाली, नव्या पट्ट्यामुळे झाली की हलक्या वजनामुळे, ते कधीच कळणार नाही. आधी गाडी होती तशी करायची. बदल त्यानंतर, आणि एका वेळी एकच.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्लच. आज घाई केली नाही.

आउटर (शू ज्याला आतून धरतात ती वाटी) काढला. आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, दोन ठिकाणी निळसर डाग. निळा डाग म्हणजे तिथे लोखंड फार तापलेलं. तिन्ही शूंची अस्तरं चकाकत होती. जाडी पुस्तिकेतल्या मर्यादेच्या बरीच वर, म्हणजे शू संपलेले नाहीत, फक्त काचेसारखे झालेत. घासून धरायला हवेत तिथे ते आधी घसरतात, मग अचानक पकडतात, परत घसरतात. ताईची आमटी इथे सांडते.

असं होण्याचं कारण गाडीत कमी, वापरात जास्त. भरलेली गाडी सिग्नलला ब्रेक न लावता थ्रॉटलवर अर्धवट धरून ठेवायची, गर्दीत मुंगीच्या पावलाने पुढे सरकवायची. यात क्लच सतत अर्धा लागलेला राहतो. ताईला सांगितलं, थांबलीस की थ्रॉटल पूर्ण सोड, निघायचं तेव्हा ठामपणे निघ. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवलख्याच्या चौकात सहाला तू चालवून दाखव ठामपणे." तेही खरं आहे. म्हणून गाडीनेच थोडं सोसायला हवं.

शूंना जाड पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासलं, एकाच दिशेने न घासता तिरकं, उलटसुलट. आउटरच्या आतूनही तसंच. बारीक फुलीदार ओरखडे दिसले की पुरे. मग दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे. आउटरचा आतला व्यास चार जागी मोजला, गोल आहे. शू ज्या खिळ्यांवर हलतात त्यांच्यावर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं बोट, पुसून जेमतेम उरेल एवढं. तिथलं जास्तीचं ग्रीस फिरताना उडून अस्तरावर बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

छोट्या तीन स्प्रिंगा सारख्या लांबीच्या निघाल्या, त्याच ठेवल्या. बाजारात कडक मिळतात. त्या लावल्या की क्लच उशिरा लागतो, इंजिन जोरात आल्यावर, आणि निघताना गाडी झेपावते. मोकळ्या रस्त्यावर एकट्या माणसाला मजा येते. ३८ किलो घेऊन दर चौकात थांबणाऱ्या गाडीत मात्र ती प्रत्येक वेळी जास्त घसरण आणि जास्त उष्णता. निळे डाग घालवायला बसलो आणि नवे पाडायची सोय करून ठेवली, असं नको.

मागची मोठी स्प्रिंग काढताना काळजी. क्लचच्या थाळीचा मोठा नट सोडला की ती दाबलेली स्प्रिंग थाळीसकट अंगावर येते. गुडघ्याखाली दाबून, नट हाताने शेवटचे आटे सोडवून, सावकाश वर येऊ द्यावी. तिच्याखाली पुलीच्या नळीत तिरक्या खाचा आणि त्यांत पिना असतात. चढ लागला, मागच्या चाकावर ओझं आलं की याच तिरक्या खाचांमुळे पुली मिटते आणि गाडी आपोआप खालच्या गिअरात येते. व्हेरिएटरची सगळी चर्चा रोलरभोवती फिरते, ही खाच कुणी उघडून बघत नाही. इथलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. धुऊन नवं भरलं, रबरी रिंगा बदलल्या. स्प्रिंगची मोकळी लांबी मर्यादेत आहे, ठेवली. कडक स्प्रिंगचा विचारही केला नाही. ती पट्टा जास्त आवळते, पट्टा तापतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुळवणी. रोलर १५ ग्रॅमचे, कोरडे. जुन्या काही गाड्यांत रोलरच्या घरात ग्रीस भरून सील लावत, या गाडीच्या पुस्तिकेत कोरडं सांगितलंय. पुलीची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसल्यावर त्यांना बोट लावलं नाही. नव्या पट्ट्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला.

एक जागा धोक्याची. पुढचा नट आवळताना पट्टा ताणलेला असेल तर तो बॉस आणि बाहेरच्या तोंडाच्या मधे चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंच 'टक' करतो, आणि प्रत्यक्षात आवळलेला असतो पट्टा. थोडं चाललं की तो दबतो, नट ढिला, आणि क्रँकच्या टोकाच्या खाचा खलास. म्हणून आधी मागची पुली दोन्ही हातांनी फाकवायची, पट्टा तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल लोंबतो. नट हाताने शेवटपर्यंत गेला आणि बाहेरचं तोंड बॉसला टेकलं हे डोळ्यांनी पाहायचं, मगच रेंच. इंपॅक्ट गनने हे काम 'टर्र' करून होतं, पण तोंड टेकलं की नाही ते तिला कळत नाही.

संध्याकाळी गल्लीत चक्कर. निघताना थरथर नाही. बाकी आकडे आज घेणार नाही. पट्टा आणि शू बसायला थोडं चालणं हवं. फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, चालणं आपसूक होईल.

२५ ऑक्टोबर

दिवाळीची धावपळ संपली. गाडी चांगली ६००-७०० किमी चालली. तोच क्रेट, तेवढंच वजन.
हलते २९०० ला, सरळ, थरथर नाही.
पूर्ण थ्रॉटल, ३० किमी: ५६००, स्थिर.
कमाल ७९.
ॲव्हरेज ४४.

मार्करची रेघ परत ओढून पाहिली. कडेपासून जेमतेम मिलिमीटर शाबूत. यात ट्यूनिंग काडीचंही नाही. जे झिजलं ते बदललं, जे माखलं ते धुतलं. मूळ वजनावरच तिच्या दोन्ही तक्रारी गेल्या.

भाऊबीजेला काकांकडे याच विषयावर बसलो होतो. त्यांच्याकडे किनेटिक होंडा होती, इथल्याच पीथमपूरच्या कारखान्यात बनलेली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बटण स्टार्ट, गिअर नाही. काका सांगतात, बिनगिअरची गाडी चढ कशी चढेल असं आळीतले लोक खरोखर विचारायचे. रबरी पट्टा आणि मिटत्या-उघडत्या पुल्यांची ही युक्ती त्याहून जुनी; हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्येच ती मोटारीत बसवली होती. मला या यंत्रणेबद्दल मनापासून आदर आहे. ना संगणक, ना सेन्सर, सहा रोलर आणि एक स्प्रिंग आपसांत ठरवतात की आत्ता कोणता गिअर हवा.

२६ ऑक्टोबर, रविवार

आता प्रयोग. ताईला अजून एकच हवंय: तेजाजीनगरकडच्या पुलावर भरलेली गाडी जरा जोमाने चढावी.

आधी कागदावर. रोलर बाहेर फेकला जाण्याचा जोर त्याच्या वजनावर आणि आरपीएमच्या वर्गावर अवलंबून. स्प्रिंग तीच, तर पुली मिटवायला जोरही साधारण तेवढाच लागणार. वजन १० टक्के कमी केलं तर तेवढाच जोर यायला आरपीएम सुमारे ५ टक्के वाढायला हवा. १५ चे १३.५ केले म्हणजे बरोब्बर १० टक्के. ५६०० चे व्हायला हवेत ५९०० च्या आसपास.

बसवले. मीटर ५८५० ते ५९००. कागद आणि रस्ता इतके जुळले की फार बरं वाटलं.

चालवायला गाडी चपळ झाली, वीसवरून चाळीसला लवकर जाते. कमाल वेग तेवढाच. तो पट्टा कुठवर चढतो त्यावर असतो, रोलर किती लवकर चढले त्यावर नाही. पण इंजिन सतत जोरात ओरडतं.

१ नोव्हेंबर

ताईचं मत: "चढते छान, पण कानात भुणभुण राहते. आणि पेट्रोल लवकर संपतं." ॲव्हरेज ४१. चारातले तीन हलक्या वजनाने परत खाल्ले. हिच्या धंद्यात तो रोजचा खर्च आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

मधला मार्ग: तीन १५ चे, तीन १३.५ चे, एक जड एक हलका असे आळीपाळीने. ओळीने तीन जड एका बाजूला बसवले तर तोल जातो. सरासरी १४.२५. हिशेबाने ५७५० यायला हवा, मीटरवर ५७५०.

आज लांब नेली. मागे क्रेटमध्ये तांदळाची पोती, खंडवा रोडने सिमरोळच्या पुढे भेरूघाट उतरलो आणि परत चढलो. चढताना ट्रकमागे वेग पंचविसावर आला, थ्रॉटल दिला, गाडीने लगेच खालचा गिअर घेतला आणि आरपीएम ५७०० च्या वर जाऊन थांबला. हे काम रोलरचं कमी आणि मागच्या धुतलेल्या तिरक्या खाचांचं जास्त आहे, असं माझं मत आहे. वर येऊन थांबल्यावर झाकणाजवळ हात नेला. गरम, पण जळका वास नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ॲव्हरेज ४३. पुलावर ताई खूश, भुणभुण नाही. हाच संच ठेवायचा ठरलं.

झाकण एकदा उघडून पाहिलं. भुकटी नावापुरती, नट जागच्या जागी, शूंवर चकाकी नाही, पुलीच्या तोंडांवर ओरखडे नाहीत. फिल्टरवर आठवड्याभराची धूळ मात्र आहेच, रस्त्यांची खोदकामं चालू आहेत तोवर ती राहणार. तो दर महिन्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावायचा, हे काम ताईच्या मुलाकडे दिलं. त्याला झाकणाचे बोल्टही ओळखता येतात आता.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने लिहून ठेवलं: रोलर ३×१५ + ३×१३.५, पट्टा बदलला ऑक्टोबर २०२५, ३१,००० किमी. गाडी पुढे कुणाच्याही हाती उघडली गेली तरी त्याला हे दिसेल. पुढची तपासणी ३९,००० ला: पट्ट्याची रुंदी, रोलरची गोलाई, शूंची जाडी.